नागपुरात घरावर सोलर लावावे का, आणि लावायचे तर किती किलोवॅटचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवाड्याकडे स्वतःचे घर, स्लॅबची गच्ची, सिंगल फेज जोडणी. उन्हाळ्यात दोन कूलर आणि एक एसी चालतो. मे महिन्याचे बिल सहा हजारांवर जाते, हिवाळ्यात तेच बाराशे-चौदाशे येते. विक्रेत्याने ५ किलोवॅट सुचवले आहे आणि बिल शून्य होईल असे सांगितले आहे. लावावे का?

लावा, पण ५ किलोवॅट लावू नका. गच्चीवर सावली नसेल तर २ किलोवॅट पुरतील. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरा एसी किंवा विजेवरची गाडी घ्यायचा विचार पक्का असेल तर ३. याच्या पुढचा प्रत्येक किलोवॅट तुमच्यासारख्या घरात जवळपास वाया जातो. कारण नागपूरचा उन्हाळा आणि महावितरणचे हिशेबाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही.

नेट मीटरिंगमध्ये दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि तेवढी युनिटे तुमच्या खात्यात जमा होतात. रात्रीच्या वापरातून ती वजा होतात आणि उरलेली पुढच्या महिन्यात जातात. हे ३१ मार्चपर्यंत चालते. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचा हिशेब कमी दराने होतो, म्हणजे तुम्ही वीज घेता त्या दराच्या आसपासही तो नसतो, आणि १ एप्रिलला खाते कोरे होते. आता नागपूरचे वर्ष पाहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ, पॅनेल थंड, निर्मिती चांगली आणि घरात पंखासुद्धा बंद. सगळी शिल्लक याच चार महिन्यांत साठते. कूलर-एसी खऱ्या अर्थाने सुरू होतात एप्रिलमध्ये, आणि त्याच्या आदल्याच दिवशी ती शिल्लक पुसली जाते. हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपले असते तर आपले गणित फार सोपे झाले असते, पण ते तसे नाही.

म्हणून आधी मागच्या १२ महिन्यांची युनिटे कागदावर लिहा. रुपये नकोत, युनिटेच लिहा. ती बिलावर किंवा महावितरणच्या ॲपमध्ये मिळतात. तुम्ही दिलेल्या बिलांशी जुळणारे एक घर उदाहरणाला घेऊ. एप्रिल ४२०, मे ४८०, जून ४३०, जुलै २८०, ऑगस्ट २६०, सप्टेंबर २६०, ऑक्टोबर २५०, नोव्हेंबर १६०, डिसेंबर १४०, जानेवारी १५०, फेब्रुवारी १६०, मार्च २६०. एकूण ३,२५० युनिटे.

नागपुरात सावली नसलेला, दक्षिणेकडे तोंड असलेला आणि बऱ्यापैकी पुसला जाणारा १ किलोवॅट वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देतो. मार्च-एप्रिलमध्ये महिन्याला १३५ ते १४५, भर पावसाळ्यात ८० ते ८५, बाकी महिने मधले कुठेतरी. 'रोज ५ युनिटे' हा आकडा मार्चच्या चांगल्या दिवसाचा आहे. वर्षभराची सरासरी रोज ४ च्या आसपास धरा.

दर मात्र टप्प्याटप्प्याने चढतात आणि खरी गंमत तिथेच आहे. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवले की घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे ढोबळमानाने ७ रुपयांच्या आत पडतात, १०१ ते ३०० ही १२-१३ रुपयांना आणि ३०० च्या पुढची १६ किंवा त्याहून जास्त. वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक हे आकडे हलतात, त्यामुळे तुमच्या ताज्या बिलावरचे दर घेऊन हिशेब पुन्हा करा. सोलरची युनिटे वरच्या टोकापासून वजा होतात. पहिला किलोवॅट सगळ्यात महाग युनिटे खातो, शेवटचा सगळ्यात स्वस्त.

वरच्या उदाहरणात सोलर नसताना वर्षाचे विजेचे पैसे सुमारे ३६,००० होतात (स्थिर आकार सोडून). २ किलोवॅट लावले की वर्षभरात ८२५ च्या आसपास युनिटे विकत घ्यावी लागतात, तीही बहुतेक खालच्या टप्प्यातली, आणि खर्च ७,३०० वर येतो. बचत साधारण २८,७००. तिसरा किलोवॅट लावला की खर्च दीड हजारावर येतो, म्हणजे त्या तिसऱ्या किलोवॅटने वर्षाला ५,८०० वाचवले. मार्चअखेर मात्र ११००-१२०० युनिटे शिल्लक पडून असतात. चौथ्या आणि पाचव्याने वाचवायला उरतात फक्त ते दीड हजार रुपये.

याच्यासमोर किंमत ठेवा. देशी सेलची (म्हणजे वीज तयार करणारे आतले तुकडे भारतात बनलेली) पॅनेल, उंच सांगाडा, मीटरचे काम असे सगळे धरून २ किलोवॅटला सुमारे १ लाख ३० हजार आणि ३ किलोवॅटला १ लाख ८५ हजार हा बाजारभाव धरता येईल. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे. कमाल ७८,०००, त्यापुढे कितीही लावले तरी तेवढेच. म्हणजे २ किलोवॅटचे ७० हजार अडीच वर्षांत फिटतात. तिसऱ्याचे ३७ हजार फिटायला सहा-साडेसहा वर्षे लागतात, आणि २५ वर्षे चालणाऱ्या वस्तूला तेही वाईट नाही. चौथ्याचे ५० हजार मात्र फिटत नाहीत. विक्रेता ५ सांगतो कारण त्याने तुमचे मे महिन्याचे बिल पाहिले. डिसेंबरचे त्याला दाखवा.

बिल शून्य होईल हेही तसे खरे नाही. स्थिर आकार राहतोच: सिंगल फेजला १३० रुपयांच्या आसपास, थ्री फेजला चारशेच्या वर. काही विक्रेते ३ किलोवॅटसाठीही थ्री फेज करून घ्या म्हणतात. तुमचा भार सिंगल फेजवर चालत असेल तर या सल्ल्याने दरमहा तीनशे रुपये विनाकारण वाढतात.

पुढे वापर वाढणार असेल तर त्याचा अंदाज असा घ्या. दीड टनाचा एसी नागपूरच्या मे महिन्यात आठ तास चालला तर रोज ८ ते १० युनिटे घेतो. विजेवरची स्कूटर रोज ३० किलोमीटर फिरली तर महिन्याला ३० युनिटांच्या आसपासच घेते, तिच्यासाठी सोलर वाढवायची गरज नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी कार दीडशेच्या आसपास घेते, आणि ती बाराही महिने घेते, म्हणून हिवाळ्यातली शिल्लक तिच्यामुळे सत्कारणी लागते. कार असेल तर ३ किलोवॅट बिनधास्त लावा.

आता गच्ची. सावली मे महिन्यात तपासून उपयोग नाही. २६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. त्या काळात शेजारची तीन मजली भिंतसुद्धा निरुपद्रवी वाटते. डिसेंबरच्या शेवटी दुपारच्या सूर्याची उंची ४५ अंशच असते, म्हणजे दक्षिणेकडच्या कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सकाळी सव्वानऊला ती जवळपास दुप्पट होते. तुमच्या कठड्यावरून पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याची भिंत यांची उंची मोजा आणि हे गणित लावा. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात पॅनेलवर सावली नको. एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही त्या ओळीतल्या बाकीच्या पॅनेलना मागे ओढते, कारण सगळी एकामागे एक जोडलेली असतात. महाल-इतवारीत खेटून असलेल्या घरांमध्ये पुष्कळदा याच कारणाने नको म्हणावे लागते. दक्षिणेला कडुनिंब असेल तर तो आज केवढा आहे ते पाहू नका, दहा वर्षांनी केवढा होईल ते पाहा.

दिशा दक्षिण, उतार १५ ते २० अंश. पूर्व किंवा पश्चिमेकडे कमी उताराने लावल्यास पाच-आठ टक्के घट येते, ती चालते. उत्तरेकडे उतार देऊ नका.

जागा किती लागते? ५४० वॅटचे एक पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि तीस किलोच्या आसपास वजनाचे असते. २ किलोवॅटला ४, ३ किलोवॅटला ६ पॅनेल. फिरायला-पुसायला जागा धरून ३ किलोवॅटला अडीचशे ते तीनशे चौरस फूट मोकळी गच्ची हवी. सांगाडा सात-आठ फूट उंच केला की खालची गच्ची वापरात राहते आणि वरच्या खोल्याही उन्हाळ्यात थोड्या कमी तापतात. फक्त वाळवणासाठी उन्हाचा एक पट्टा मोकळा सोडायला आधीच सांगून ठेवा. कुरोड्या घालायच्या दिवशी पॅनेलच्या सावलीवरून घरात वाद नको.

उंच सांगाडा म्हणजे वारा आला. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. मे-जूनच्या वावटळीत पॅनेल उडतात ती काच कमकुवत म्हणून नव्हे, पाया नीट नसल्यामुळे. गरम बुडवणीचे जस्त चढवलेले लोखंड मागा, किमान ८० मायक्रॉनचे. जागेवर वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारलेला सांगाडा दुसऱ्या पावसाळ्यात जोडांवर गंजायला लागतो. जोड नट-बोल्टचे हवेत, बोल्ट स्टेनलेसचे. खांब स्लॅबला कसे बांधणार हे लेखी विचारा. स्लॅबला भोके पाडून नुसते फास्टनर ठोकले की वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती तीन फूट लांब दिसते, मग दोष कुणाचा यावर भांडण. काँक्रीटचे ठोकळे स्लॅबच्या सळईशी किंवा केमिकल अँकरने धरून, त्यांच्याभोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग करून घेणे हा बरा मार्ग. गच्ची आधीच गळत असेल तर ते काम पहिले करा. कवेलूच्या घरावर लावू नका. टिनावर लावता येते, पण टिनाखालच्या पाइपांची ताकद एखाद्या जाणत्याने पाहिल्याशिवाय नको.

आपल्याकडच्या उन्हाचा एक उलटा परिणाम असतो. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असताना सेल ७० पर्यंत तापतो. साध्या मोनो पर्क प्रकारच्या पॅनेलची निर्मिती दर अंशाला ०.३५ टक्के घटते, टॉपकॉन या नव्या प्रकाराची ०.३०. म्हणजे ऐन दुपारी पहिल्यात १५-१६ टक्के, दुसऱ्यात १३-१४ टक्के घट. मे महिन्यात सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) पूर्ण क्षमता दाखवत नाही म्हणून घाबरू नका. टॉपकॉनला थोडे जास्त पैसे मागितले तर नागपुरात ते द्यायला हरकत नाही.

इन्व्हर्टर मात्र उन्हातून वाचवा. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशांच्या पुढे स्वतःच निर्मिती कमी करतात, आणि लावणारा माणूस सोय म्हणून तो गच्चीच्या पश्चिम भिंतीवर टांगतो. उत्तरेची भिंत किंवा जिन्यातली हवेशीर जागा द्या.

सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो लाइट जाण्याबद्दल. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट लाइनला जोडलेला संच महावितरणची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसे ठेवलेले आहे. घरात आत्ता जो बॅटरी-इन्व्हर्टर आहे तो तसाच राहू द्या. बॅटरीसह हायब्रिड संच घेतला तर खर्च बराच वाढतो आणि बॅटरीवर अनुदान नाही. वीज दिवसात तास-अर्धा तास जाणाऱ्या शहरी भागात तो परवडत नाही.

आर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे लागतात: पॅनेल व डीसी बाजूला (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत) एक, एसी बाजूला (इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत) एक, तडितरोधकाला एक. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा आणून सोडणे ही नेहमीची काटछाट. नागपुरात जिथे काळी माती आहे तिथे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. खड्ड्यात बेंटोनाइटसारखे ओल धरणारे मिश्रण भरून घ्या, एप्रिल-मेमध्ये अधूनमधून पाणी घाला, आणि रोध ५ ओहमच्या आत आहे हे मीटर लावून दाखवायला सांगा.

तारांबाबत दोनच गोष्टी पाहा. पॅनेलकडची डीसी केबल ४ चौरस मिलिमीटरची, सोलरसाठीच बनवलेली हवी. जोडणीचे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आत संपर्क सैल राहतो, तापतो आणि जळतो. छपरावरच्या आगी पुष्कळदा इथून सुरू होतात. केबल उघडी ठेवू नका. खारी आणि उंदीर ती कुरतडतात, आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला माकडे ती ओढतात.

एक बिघाड वस्तीत सोलर वाढले की दिसतो. दुपारी सगळ्यांची वीज एकाच वेळी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवरचे व्होल्टेज चढते, आणि साधारण २६० व्होल्टच्या पुढे इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडतो. पाच मिनिटांनी जोडतो, पुन्हा तोडतो. निर्मिती नेमकी बारा ते दोन या वेळात पडते. विक्रेता पॅनेल पुसा म्हणतो, पण पुसून काही होत नाही. गच्चीवरून मीटरपर्यंत जाणारी एसी केबल जाड करून घ्या, २० मीटरपेक्षा लांब असेल तर ६ चौरस मिलिमीटर. त्याने भागले नाही तर दुपारच्या व्होल्टेजच्या नोंदी जोडून महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची त्यातली जोडणी) बदलण्यासाठी अर्ज करा. संच लावण्याआधीच दोन-तीन दिवस दुपारी मल्टिमीटरने घरातले व्होल्टेज मोजून पाहा. आत्ताच २४५-२५० असेल तर ही अडचण येणार हे धरून चाला.

कागदपत्रांत अडकते ते नाव. वीजजोडणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, आधार आणि बँक खाते मुलाचे, असे असेल तर अनुदान लटकते. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मगच पीएम सूर्यघर पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच हवा. अनुदानासाठी पॅनेलमधले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे डीसीआर, असावे लागतात. स्वस्त दरपत्रकात पुष्कळदा परदेशी सेलची पॅनेल असतात आणि अनुदान मात्र पूर्ण दाखवलेले असते. पॅनेल गच्चीवर चढवण्याआधी प्रत्येकाचा अनुक्रमांक फोटो काढून ठेवा, बसवल्यावर स्टिकर दिसत नाहीत. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली कमी असेल ती धरतात, म्हणून ३.२ किलोवॅटच्या पॅनेलला ३ चा इन्व्हर्टर ठीक, २.५ चा नको. पाच वर्षांची देखभाल योजनेतच विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती वेगळी रक्कम लावून विकत असेल तर विचारा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे गणित लागू होत नाही. गच्ची सगळ्यांची, म्हणून सोसायटीचा ठराव लागतो. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान मिळते. महिना ८०-९० युनिटेच वापरणाऱ्या घराने आणि दोन वर्षांत वर मजला चढवणाऱ्याने थांबावे.

पुसण्याचे काम विक्रेत्याच्या कबुलीवर सोडू नका. हिवाळा-उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुसा. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला, नारा-नारीकडे राख बसते, तिथे दर आठवड्याला. सकाळी ऊन चढण्याआधी, नळाच्या पाण्याने, मऊ वायपरने. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात आणि नंतर निघत नाहीत. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका, तडा जाऊ शकतो. गारांची भीती फारशी नको. प्रमाणित पॅनेल २५ मिलिमीटरच्या गारेच्या माऱ्यावर तपासलेले असते. मात्र याहून मोठ्या गाराही पडतात, म्हणून घराच्या विम्यात सोलरचा उल्लेख करून घ्या.

पैसे एकरकमी देऊ नका. नोंदणीला १० टक्के, साहित्य गच्चीवर आल्यावर आणि अनुक्रमांक जुळल्यावर ६०, बसवून झाल्यावर २०, आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर लागून पहिले बिल आल्यावर. त्या पहिल्या बिलात बाहेर पाठवलेली युनिटे, घेतलेली युनिटे आणि पुढे नेलेली शिल्लक या तीन आकड्यांच्या नोंदी आहेत का ते पाहा. निर्मिती मीटरच्या आकड्यातून बाहेर पाठवलेली वजा केली की दिवसा घरातच खपलेली निघते. शिल्लक युनिटांचा रकाना रिकामा असेल तर मीटर बदलला पण बिलिंगमध्ये नेट मीटरची नोंद झाली नाही असे समजा आणि त्याच आठवड्यात उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. हे दोन-तीन बिले तसेच राहिले की दुरुस्तीला महिने जातात, आणि दुरुस्ती ३१ मार्चच्या पलीकडे गेली तर त्या वर्षाची शिल्लक परत मिळवणे फार कटकटीचे होते.